पण रक्त कुठे गेले? ‘हॉलो मॅन’कडे पुन्हा पाहताना

2002 च्या हिवाळ्यात, धानाचे चुरणे आटोपून गाव जरा मोकळे झाले असताना, ब्रह्मपुरी तालुक्यातील आमच्या गावी एका तरुणाने तालुक्याच्या ठिकाणाहून रंगीत टीव्ही आणि सीडी प्लेयर भाड्याने आणला. त्या रात्री जवळपास कुठेही झाडीपट्टीचे नाटक नव्हते, त्यामुळे शाली-घोंगड्या पांघरून बरेच लोक त्याच्या अंगणात जमले. पहिला हिंदी चित्रपट संपल्यावर, लहान मुले झोपायला गेल्यानंतर, त्याने एका इंग्रजी चित्रपटाची हिंदीत डब केलेली सीडी लावली. मी गावच्या शाळेत विज्ञान शिकवत असे आणि चित्रपट प्रौढांसाठीचा असल्यामुळे उठून जावे की बसावे, या विचारात होतो. तेवढ्यात पडद्यावर एका माणसाला टेबलावर पट्ट्यांनी बांधून इंजेक्शन देण्यात आले आणि त्याची त्वचा दिसेनाशी होऊ लागली. त्वचेखालचे लालसर स्नायू दिसले, ते विरले, मग आतले अवयव दिसले, धडधडणारे हृदय दिसले, आणि शेवटी टेबलावर केवळ तडफडणारा सांगाडा उरला, तोही गेला. अंगणात कोणीच बोलेना. आठवडी बाजारात बोकडाच्या मटणाचे दुकान लावणारे एक गृहस्थ माझ्या शेजारी बसले होते. ते मान हलवत म्हणाले, “बराबर दाखवलं जी गुरुजी. पयले कातडं, मंग मास, मंग हाडकं.” थोडा वेळ थांबून त्यांनी विचारले, “पन रगत कुठं गेलं?”

चित्रपट होता ‘हॉलो मॅन’, म्हणजे ‘पोकळ माणूस’. पॉल व्हर्होवेन यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट ऑगस्ट 2000 मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. सुमारे साडेनऊ कोटी डॉलर खर्चून तो तयार झाला आणि जगभरात त्याने त्याच्या जवळपास दुप्पट कमाई केली, तरी समीक्षकांनी त्याला जवळजवळ एकमुखाने नाकारले. ग्राफिक्स उत्तम, बाकी काही नाही, असा एकूण सूर होता. पुढे स्वतः व्हर्होवेन यांनीही हा चित्रपट आपण करायला नको होता, असे बोलून दाखवले. दृश्यपरिणामांसाठी त्याला ऑस्करचे नामांकन मिळाले, परंतु 2001 च्या समारंभात तो पुरस्कार ‘ग्लॅडिएटर’ने नेला. त्यानंतर ‘हॉलो मॅन’ टीव्हीवर रात्री उशिरा लागणाऱ्या चित्रपटांपैकी एक होऊन राहिला.

समीक्षक चुकले होते, असे मला म्हणायचे नाही. अमेरिकी लष्कराच्या पैशावर भूमिगत प्रयोगशाळेत काम करणारा सबॅस्टियन केन हा अहंमन्य शास्त्रज्ञ स्वतःवर प्रयोग करून अदृश्य होतो, त्याला पुन्हा दृश्य करता येत नाही आणि तो हळूहळू हिंस्र होत जातो, एवढे कथानक. अदृश्य झालेला माणूस नीतीने वागेल का, हा प्रश्न प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोच्या ‘रिपब्लिक’ या ग्रंथातील, घालणाऱ्याला अदृश्य करणाऱ्या गायजीसच्या अंगठीच्या कथेइतका जुना आहे आणि चित्रपटाचा पहिला अर्धा भाग त्या प्रश्नाच्या आसपास वावरतो. मात्र नंतर सगळे विचार बाजूला पडतात, बंद जागेत एकामागून एक माणसे मारली जातात आणि स्त्रियांवरच्या अत्याचाराकडे कॅमेरा ज्या नजरेने पाहतो ती नजर आजही अस्वस्थ करते. या सगळ्याची बाजू घेण्याचे कारण नाही. माझा मतभेद फक्त ‘बाकी काही नाही’ या शब्दांशी आहे. या चित्रपटातील ग्राफिक्स हा कथेवर चढवलेला मुलामा नाही. प्रकाश आणि पदार्थ एकमेकांशी कसे वागतात याचा एवढा बारकाईने केलेला विचार अदृश्य माणसाच्या दुसऱ्या कोणत्याही चित्रपटात मी पाहिलेला नाही. व्हर्होवेन यांनी तरुणपणी नेदरलँड्समधील लायडन विद्यापीठात गणित आणि भौतिकशास्त्राचे शिक्षण घेतले होते, हे मला फार नंतर कळले आणि मुळीच आश्चर्य वाटले नाही.

संगणकावर माणूस तयार करण्याची त्या काळातील रूढ पद्धत म्हणजे एक कवच तयार करणे. असंख्य लहान त्रिकोण-चौकोनांचे जाळे विणायचे, त्याला माणसाचा आकार द्यायचा, त्यावर त्वचेचे चित्र चिकटवायचे आणि प्रकाश टाकायचा. साच्यातून काढलेली प्लास्टरची मूर्ती असते तसा हा माणूस असतो: बाहेरून सुबक आणि आतून रिकामा. प्रेक्षक त्याच्या आत कधी डोकावणारच नसतो, म्हणून हे चालून जाते. ‘हॉलो मॅन’मध्ये मात्र प्रेक्षक आत डोकावणार होता, एवढेच नव्हे तर थरामागून थर आत जाणार होता. तान्ह्या पोळ्याला मुले ओढतात तो लाकडी नंदी कुठेही कापला तरी आत लाकूडच सापडते आणि लाकडाच्या रेषाही सापडतात. येथे तसा भरीव माणूस हवा होता. म्हणून केव्हिन बेकन या अभिनेत्याच्या शरीराचे बाहेरून मोजमाप घेऊन त्याच आकारात बसणारे स्नायू, शिरा, अवयव आणि हाडे यांची संगणकीय प्रतिकृती तयार करण्यात आली. स्नायू ओढला गेला की त्याखालचे हाड हलले पाहिजे, छाती फुगली की फुप्फुस फुगलेले दिसले पाहिजे, अशी ही रचना होती.

यासाठी केवळ पृष्ठभाग रंगवून भागत नाही. जागेचे बारीक घनाकृती तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यात कोणता पदार्थ किती दाट आहे याची नोंद ठेवायची आणि प्रकाशाचा किरण त्या तुकड्यांमधून जाताना किती अडतो याचा हिशेब करायचा, असे हे तंत्र आहे. सीटी स्कॅनमध्ये शरीराचे काप एकावर एक रचून डॉक्टरांना आतले चित्र दाखवतात, त्याचेच हे भावंड. चित्रपटाच्या थोडेच आधी, 1994 मध्ये, अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने एका पुरुषाच्या मृतदेहाचे एकेक मिलिमीटर अंतरावरचे 1,871 छेद छायाचित्रांच्या रूपात खुले केले होते. माणसाकडे पृष्ठभाग म्हणून न पाहता भरीव घन म्हणून पाहण्याची सवय वैद्यकाकडून चित्रपटाकडे येण्याचा तो काळ होता. चित्रपटाच्या नावातला माणूस पोकळ असला, तरी त्यासाठी घडवलेला संगणकीय माणूस मात्र आतपर्यंत भरलेला होता.

अदृश्य झालेल्या केनच्या प्रसंगांत बेकन यांची गरजच नव्हती, असे कोणालाही वाटेल. रिकामी खुर्ची दाखवली की काम झाले. प्रत्यक्षात ते त्या प्रसंगांत हजर असत. प्रसंगानुसार त्यांना नखशिखांत हिरव्या, निळ्या किंवा काळ्या रंगात रंगवले जाई. डोळ्यांत त्याच रंगाच्या लेन्स आणि डोक्यावर त्याच रंगाचा टोप असे. कॅमेऱ्याची हालचाल यंत्राने नेमकी तशीच पुन्हा करून तोच प्रसंग अभिनेत्यासह आणि अभिनेत्याशिवाय असा वेगवेगळा चित्रित केला जाई. नंतर रंगवलेला माणूस पुसून त्याच्या जागी मागची रिकामी खोली बसवायची आणि अंगावर पडलेले पाणी, धूर किंवा रक्त मात्र तसेच ठेवायचे. याचा मोठा फायदा म्हणजे, समोरच्या नटाचा गळा दाबणारा हात खरा असल्यामुळे त्याच्या गळ्यावरची कातडी खरोखरच दबलेली दिसते.

या युक्तीचे मूळ जुने आहे. 1933 च्या ‘द इन्व्हिजिबल मॅन’ या जेम्स व्हेल यांच्या चित्रपटात जॉन फुल्टन यांनी कलाकाराला काळ्या मखमलीने झाकून काळ्या मखमलीच्या पडद्यासमोर उभे केले होते आणि वर नेहमीचे कपडे घातले होते. काळ्यावर काळे फिल्मवर उमटत नाही. उमटतात ते फक्त चालणारे कपडे. गावोगावच्या शाळांत येणारे जादूगार काळ्या पडद्यासमोर तरंगणारा रुमाल दाखवतात, तो याच जातीचा खेळ आहे.

आता भौतिकशास्त्राकडे वळू. काच पारदर्शक असूनही आपल्याला दिसते, कारण हवेतून काचेत शिरताना प्रकाशाचा वेग आणि दिशा बदलते आणि थोडा प्रकाश पृष्ठभागावरून परत फिरतो. हा बदल किती होतो हे सांगणाऱ्या आकड्याला अपवर्तनांक म्हणतात. हवेचा अपवर्तनांक जवळजवळ 1, पाण्याचा 1.33 आणि साध्या काचेचा सुमारे 1.52 असतो. शेजारी असलेल्या दोन पदार्थांच्या आकड्यांत जितका फरक, तितका प्रकाश सीमेवर अधिक अडखळतो. फरक शून्य झाला, तर सीमा दिसतच नाही.

शाळेत मी हे परीक्षानळीने दाखवत असे. कोरडी, रिकामी परीक्षानळी पाण्याने भरलेल्या चंचुपात्रात तिरकी बुडवली आणि वरून पाहिले, तर तिचा बुडालेला भाग पाऱ्याने भरल्यासारखा चांदीसारखा चमकतो. मुले ‘पारा, पारा’ म्हणून ओरडत. मग नळीत हळूहळू पाणी ओतायचे; पाणी जसे चढते तशी चांदी खालून पुसली जाते. पाण्यातून आतल्या हवेकडे निघालेला किरण सुमारे 49 अंशांपेक्षा अधिक तिरका आला, तर तो हवेत शिरूच शकत नाही आणि पूर्णच्या पूर्ण परावर्तित होतो, म्हणून ती चमक. दुसऱ्या पात्रात औषधाच्या दुकानातून आणलेले ग्लिसरीन असे. परीक्षानळीच्या बोरोसिलिकेट काचेचा अपवर्तनांक 1.47 आणि ग्लिसरिनचाही जवळपास तेवढाच. ग्लिसरिनने भरलेली नळी ग्लिसरिनमध्ये सोडली की तिचा बुडालेला भाग डोळ्यांदेखत नाहीसा होतो. काठावर हात ठेवून पाहणारी मुले बोट घालून नळी जागेवर आहे का ते चाचपत आणि नंतर दिवसभर त्यांची वही चिकट होई.

ही परीक्षानळी डोक्यात ठेवून ‘हॉलो मॅन’मधला जलतरण तलावाचा प्रसंग पाहावा. अदृश्य केन त्याच्या वरिष्ठाला रात्री तलावात बुडवतो आणि पाण्यात त्याची आकृती उमटते. हवेत अदृश्य असणे म्हणजे अपवर्तनांक हवेइतका, म्हणजे 1 असणे. असा माणूस पाण्यात शिरला, तर तो पाण्याच्या दृष्टीने माणसाच्या आकाराचा बुडबुडाच ठरेल आणि माझ्या परीक्षानळीसारखा चमकेल. हवेत तो जितका निर्दोष अदृश्य, तितका पाण्यात ठळक. वाफ, धूर, फवाऱ्याचे पाणी या प्रत्येक प्रसंगात चित्रपटकर्त्यांनी हाच विचार केला आहे: माणूस दिसत नाही, पण माणसाची कडा दिसते, कारण त्या कडेवर दुसरा काही पदार्थ येऊन थांबतो. आमच्याकडे डिसेंबरच्या पहाटे बांधीवर धुके साचलेले असते, तेव्हा बॅटरीचा झोत जाड काठीसारखा दिसतो आणि धुके विरल्यावर तीच बॅटरी, तोच झोत दिसेनासा होतो. दिसण्यासाठी प्रकाशाला अडवणारे काहीतरी लागते.

माणूस अपारदर्शक का असतो, याचे उत्तरही येथेच आहे आणि ते स्वयंपाकघरात पाहता येते. जवसाच्या तेलाचा थेंब वर्तमानपत्रावर पडला की तेवढ्या भागातून मागची अक्षरे दिसू लागतात. कागदाचे तंतू मुळात पांढऱ्या रंगाचे नसतात, ते जवळजवळ रंगहीन असतात. त्यांच्यामध्ये अडकलेली हवा आणि तंतू यांच्या अपवर्तनांकांतील फरकामुळे प्रकाश हजारो वेळा अडखळून विखुरतो आणि आपल्याला पांढरे दिसते. तेल ती हवेची जागा भरून काढते आणि तेलाचा आकडा तंतूंच्या आकड्याजवळ असतो, म्हणून प्रकाशाची वाट सरळ होते. साबुदाण्याच्या उसळीतही हेच घडते. कच्चा साबुदाणा खडूसारखा पांढरा, शिजल्यावर काचेच्या मण्यासारखा. त्यातला कोणताही रंग निघून गेलेला नसतो, केवळ स्टार्चच्या कणांमधल्या सीमा पुसल्या गेलेल्या असतात.

एच. जी. वेल्स यांनी 1897 मध्ये लिहिलेल्या ‘द इन्व्हिजिबल मॅन’ या कादंबरीत त्यांचा शास्त्रज्ञ ग्रिफिन तेल लावलेल्या कागदाचाच दाखला देतो. शरीरातले बहुतेक ऊतक रंगहीन आहेत. अडचण आहे ती रक्ताच्या लाल रंगाची आणि केसांच्या काळ्या रंगद्रव्याची, हे त्याने ओळखले होते. ‘हॉलो मॅन’ एक शतक पुढचा असूनही येथे मात्र मागे पडतो, कारण त्यात ‘क्वांटम’ हा शब्द उच्चारला की स्पष्टीकरण संपते. दाखवण्यात इतका चोख असलेला चित्रपट सांगण्यात इतका आळशी असावा, हे मला त्यातले खरे वैगुण्य वाटते.

वेल्स यांचे बोट योग्य जागी होते. आपल्या पेशींत पाणी आहे, त्याचा आकडा 1.33, त्याच पेशींत मेदाचे पडदे आणि प्रथिने आहेत, त्यांचा आकडा साधारण 1.4 ते 1.5. पाण्यात मेद आणि मेदात पाणी अशा असंख्य सीमा ओलांडताना प्रकाश विखुरतो. निसर्गाने आपल्याच शरीरात एका ठिकाणी हा प्रश्न सोडवून दाखवला आहे. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पटलात रक्तवाहिन्या नसतात, ते प्राणवायू थेट हवेतून घेते. भिंगाच्या पेशी तयार होताना आपले केंद्रकही टाकून देतात आणि त्यांतील प्रथिने इतकी दाट व एकसारखी रचलेली असतात की प्रकाश सरळ जातो. वय वाढले की त्या प्रथिनांच्या गुठळ्या होतात, पुन्हा सीमा तयार होतात आणि मोतीबिंदू होतो. गावच्या नेत्रशिबिरात हिरवी पट्टी बांधून बसलेल्या म्हाताऱ्यांच्या रांगेकडे पाहताना मला नेहमी कच्चा आणि शिजलेला साबुदाणा आठवतो; फक्त येथे क्रम उलटा असतो.

डोळ्याचा विषय निघाला की अदृश्य माणसाची जुनी फजिती आठवते. रशियन विज्ञानलेखक याकोव पेरेलमान यांनी फार पूर्वीच दाखवून दिले होते की पूर्णपणे अदृश्य माणूस आंधळाच असेल. भिंगाचा अपवर्तनांक हवेइतका झाला, तर ते किरण एकत्र आणणार नाही. दृष्टिपटल पारदर्शक झाले, तर ते प्रकाश शोषणार नाही, आणि प्रकाश शोषल्याशिवाय दिसणे नाही. पापण्याही पारदर्शक, म्हणजे डोळे मिटण्याचीही सोय नाही. यातून सुटायचे, तर केनला हवेत तरंगणारी दोन काळसर वर्तुळे सोबत बाळगावी लागतील. एवढी सूट आपण कथेला देऊ. शिवाय केन आमच्या भागात आला असता, तर पारदर्शक असूनही त्याच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवर आणि अंगाच्या उबेवर डासांनी त्याला पहिल्याच संध्याकाळी शोधून काढले असते.

उबेचा मुद्दा चित्रपटानेही ओळखला आहे. प्रयोगशाळेतले लोक त्याला उष्णता टिपणाऱ्या चष्म्यातून पाहतात. आपल्या डोळ्यांना 0.4 ते 0.7 मायक्रोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो, आणि सुमारे 37 अंश सेल्सिअस तापमानाचे शरीर सर्वाधिक प्रारण, म्हणजे उष्णतेचे न दिसणारे किरण, 9 मायक्रोमीटरच्या आसपास बाहेर टाकते. आपण सगळेच त्या अर्थाने रात्रंदिवस मंद उजळत असतो.

आता मटणवाल्या गृहस्थांचा प्रश्न. चित्रपटात दोन मोठी रूपांतरे आहेत. आधी एक अदृश्य मादी गोरिला पुन्हा दृश्य केली जाते: हातात औषध टोचले जाते आणि शिरेतून ते जसे सरकते तशा रिकाम्या हवेत रक्तवाहिन्या उमटत जातात, वेलीसारख्या फुटत हृदयाला मिळतात, नंतर अवयव, स्नायू आणि त्वचा येते. हे तर्काला धरून आहे, कारण औषध रक्तातून जाते, तर परिणाम रक्तवाहिन्यांपासूनच सुरू व्हायला हवा. पण केन अदृश्य होतो तेव्हाही औषध शिरेतच टोचलेले असते आणि तरीही आधी नाहीशी होते ती त्वचा, औषधापासून सर्वांत दूरची. तर्काने आधी रक्तवाहिन्या जायला हव्या होत्या. तसे दाखवले असते, तर आत काय चालले आहे ते त्वचेमुळे आपल्याला दिसलेच नसते आणि शेवटी एक साबूत दिसणारा माणूस एकाएकी गेला असता. प्रेक्षकाला आत नेण्यासाठी दिग्दर्शकाने क्रम उलटा केला. ही लबाडी आहे, पण विचारपूर्वक केलेली. रक्ताचे काय झाले याचे उत्तर मात्र चित्रपटाजवळ नाही. रक्त प्रकाश विखुरतोच, शिवाय हिमोग्लोबिन तो शोषूनही घेते, आणि अपवर्तनांक जुळवून शोषण थांबत नाही. कितीही तेल लावले तरी कुंकवाने माखलेला कागद लालच राहील.

सप्टेंबर 2024 मध्ये अमेरिकेच्या स्टॅनफर्ड विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला, आणि तो वाचताना मला ते अंगण लख्ख आठवले. त्यांनी टार्ट्राझिन हा खाण्याचा पिवळा रंग पाण्यात विरघळवून जिवंत उंदराच्या त्वचेवर चोळला. मिठाई आणि फरसाणाच्या पुड्यांवर 102 या क्रमांकाने छापला जातो तोच हा रंग. काही मिनिटांत त्वचा नारिंगी छटेची, पण पारदर्शक झाली; पोटाच्या त्वचेतून आतड्यांची हालचाल दिसू लागली आणि डोक्याच्या त्वचेखालच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या टिपता आल्या. धुऊन टाकल्यावर त्वचा पूर्ववत झाली. गंमत अशी की एखादी वस्तू पारदर्शक करण्यासाठी तिला रंग फासणे, हे ऐकायलाच उफराटे वाटते. टार्ट्राझिन निळा प्रकाश जोरात शोषून घेते आणि असे शोषण करणारा पदार्थ पाण्यात मिसळला की लाल बाजूच्या प्रकाशासाठी पाण्याचा अपवर्तनांक वाढतो. पाण्याचा आकडा मेद-प्रथिनांच्या आकड्याकडे सरकतो, सीमा पुसट होतात आणि लाल प्रकाश सरळ आरपार जातो. ग्रिफिनला जे शरीर हवेच्या आकड्यापर्यंत खाली आणून करायचे होते, ते यांनी पाणी मेदाच्या आकड्यापर्यंत वर नेऊन केले. 1987 च्या ‘मिस्टर इंडिया’तला नायक लाल प्रकाशात दिसू लागे, हा उंदीर नेमका लाल प्रकाशात पारदर्शक होतो. माणसाची त्वचा उंदराच्या त्वचेपेक्षा बरीच जाड असते आणि हा प्रयोग माणसावर झालेला नाही, तेव्हा घरी बुंदीचा रंग हाताला चोळून पाहू नये.

त्या प्रयोगातही ‘हॉलो मॅन’मधल्या गोरिलाप्रमाणे रक्तवाहिन्या उरतातच, उलट आधीपेक्षा स्वच्छ दिसतात. रक्त लपवण्याचे कसब आतापर्यंत मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या काचबेडकांनाच साधलेले दिसते. हा इवलासा बेडूक दिवसा पानावर झोपतो तेव्हा जवळपास पारदर्शक होतो. 2022 मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की झोपताना तो आपल्या सुमारे 89 टक्के तांबड्या पेशी यकृतात कोंबून ठेवतो. यकृतावर आरशासारख्या स्फटिकांचे आवरण असते, त्यामुळे आतला लाल रंग बाहेरून कळत नाही. जागा झाला की पेशी पुन्हा शरीरभर धावू लागतात. इतक्या पेशी एकत्र दाटूनही रक्त गोठत कसे नाही, हे कळले तर माणसाच्या रक्तातील गुठळ्यांवर उपाय सापडेल, अशी शास्त्रज्ञांना आशा आहे.

मागच्या वर्षी आठवडी बाजारात ते गृहस्थ भेटले. दुकान आता त्यांचा मुलगा चालवतो आणि ते बाजूला खाटेवर बसून असतात. मोबाइलवर मी त्यांना काचबेडकाचे छायाचित्र दाखवले आणि त्यांच्या जुन्या प्रश्नाची आठवण करून देऊन म्हणालो, “भाऊ, हा बेडूक झोपताना सगळं रक्त कलेजीत ठेवतो.” त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला, दूर धरला आणि परत माझ्या हातात दिला.

“मंग बराबरच हाय जी गुरुजी,” ते म्हणाले, “कलेजी म्हंजे रगतच त रायते.”